निकाल सांगायचा नाही

जुलै महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये सकाळी नऊलाच अंगाची लाही व्हायला लागते. अशा एका रविवारी इंडियन ग्रोसरीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ लोकरीची कानटोपी घालून कोथिंबीर निवडत उभे होते. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मला वाटलं, बिचाऱ्यांना थंडी वाजून आलीय. जवळ जाऊन म्हटलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" त्यांनी एक कान जेमतेम उघडा केला आणि म्हणाले, "बरं आहे. पण कालच्या मॅचबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

कुठली मॅच नि काय, मला कप्पाळ ठाऊक. घरी पोचल्यावर कळलं की गृहस्थ आमच्या समोरच्याच घरात राहतात.

हे दिगूकाका. मूळचे इचलकरंजीचे. चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका कापडगिरणीत इंजिनिअर म्हणून आले. गिरणी कधीच बंद पडली, पण तिथल्या फोरमनने लावलेलं एक वेड काकांना आयुष्यभर पुरलं. तो फोरमन संध्याकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवायचा आणि सामन्यांना काकांना बरोबर न्यायचा. काकांचं काम एकच, रिंगच्या कोपऱ्यात बादली धरून उभं राहायचं. दोन राउंडच्या मध्ये बॉक्सर स्टुलावर टेकला की त्याला चूळ भरायला ती बादली. "मी बॉक्सिंगमध्ये होतो," असं काका सांगायचे तेव्हा सुमनकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बादलीसकट सांगा."

बॉक्सिंगचे मोठे सामने शनिवारी रात्री उशिरा असतात आणि काका नऊला झोपणारे. म्हणून ते सामना रेकॉर्ड करायचे आणि रविवारी सकाळी दहा वाजता पोह्यांबरोबर बघायचे. उठल्यापासून दहापर्यंत मात्र हा माणूस फरारी असल्यासारखा वागायचा. टीव्ही बंद. कोणी भेटलंच तर कानटोपी. एकदा मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक फिरत असताना कोणीतरी "काका, तुमचा माणूस चौथ्यातच आडवा झाला की," म्हणून गेला. काका त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

त्यांच्या घरात शिरताना फोन पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. पोळ्या आधी काढून घेतलेल्या असत. डब्याचं झाकण लागलं की मग पैजा.

मी एकदा म्हटलं, "काका, मॅच काल संपली. अख्ख्या जगाला निकाल माहितीये. पैज कसली लावता?"

"जगाला माहितीये ना? या खोलीत कोणाला माहितीये?"

"कोणालाच नाही."

"मग घंटा झालेली नाही अजून."

बॉक्सिंगचा सामना घंटेने संपतो, त्यावरून आलेलं हे त्यांचं पालुपद. भाजी करपली, विमान चुकलं, सॅन होजेला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने यायचं कॅन्सल केलं, सगळ्यावर एकच उतारा. घंटा झालेली नाही अजून.

आता आम्ही या पैजांत कसे ओढले गेलो ते सांगते. आमच्या राज्यात फोनवरून बेटिंग करणं कायदेशीर झालं आणि माझ्या नवऱ्याने, निखिलने, ॲप डाउनलोड केलं. आधी बास्केटबॉल, मग फुटबॉल, मग ज्या खेळात माणसं किती असतात हेही त्याला माहीत नाही असे खेळ. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन. मी भांडले, अबोला धरला, काही उपयोग नाही. शेवटी काकांकडे जाऊन रडले. मला वाटलं, ते त्याला चार शब्द सुनावतील. ते म्हणाले, "पाठव त्याला रविवारी. मुळात त्याला बेटिंग येत नाही. शिकवतो." आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मीही मागोमाग गेले.

काकांच्या बेटिंगमध्ये पैसे नव्हते. लोणच्याच्या जुन्या बरणीत चिंचोके होते, इचलकरंजीहून आणलेले, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. शिकवणी सुरू झाली.

"नावापुढे वजाचं चिन्ह असेल तो जिंकणार असं लोकांना वाटतं. वजा तीनशे म्हणजे तीन चिंचोके लावशील तेव्हा वर एक मिळेल. अधिकचं चिन्ह असेल तो हरणार असं वाटतं. अधिक अडीचशे म्हणजे एक लाव, जिंकला तर वर अडीच. याला म्हणायचं भाव."

"अर्धा चिंचोका कुठून आणणार?" निखिलने विचारलं.

काकांनी शांतपणे अडकित्ता काढला. त्या बरणीत अर्धे कापलेले चिंचोके बरेच होते.

मग पुढचे धडे. नुसतं कोण जिंकणार यावरच नाही, कितव्या राउंडपर्यंत चालेल यावरही लावता येतं. कोणी आडवा झाला नाही तर तीन पंच गुण मोजतात, आणि त्या तिघांनी वेगळाच सामना पाहिलेला असू शकतो, तेव्हा त्यावर जपून. बॉक्सरच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. आणि दोन राउंडच्या मधलं ते एक मिनिट पाणी प्यायला उठायचं नाही, कारण खरं काय ते कोपऱ्यात कळतं. काका स्वतः त्या मिनिटाला बादलीवाल्याकडेच बघायचे. "हात कापतोय बघ त्याचा. याचं काही खरं नाही," म्हणायचे.

दोन नियम मात्र कडक होते. पहिला, जो माणूस आवडतो त्याच्यावर लावायचं नाही. "जीव जडला की डोळे जातात," ते निखिलला म्हणाले. "मग तुला तो पडताना दिसणारच नाही." दुसरा नियम, ज्याला निकाल माहीत आहे त्याने गप्प बसायचं आणि पैज लावायची नाही. ती लबाडी.

हा दुसरा नियम निखिलने एकदाच अनुभवला. शनिवारी रात्री त्याने चुकून निकाल पाहिला होता. रविवारी बरणी त्याच्यापुढे आली तेव्हा तो म्हणाला, "काका, आज मूड नाही, मी नाही लावत." काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पाहिलास ना निकाल?" निखिल लाल झाला. "न लावणारा माणूस म्हणजे निकाल माहीत असलेला माणूस," काका म्हणाले. "एरवी चिंचोका लावायला कोणाचं काय जातंय?"

सुमनकाकूंनी हे सगळे धडे ऐकले होते आणि एकही पाळला नव्हता. त्या इथल्या शाळेच्या लायब्ररीत नोकरी करून रिटायर झालेल्या. त्या फक्त मोजे बघायच्या. ज्याचे मोजे नीट वर ओढलेले, त्याच्यावर पाच चिंचोके. "ज्याला मोजे ओढायचं भान आहे त्याला बाकीचंही असणार," असं त्यांचं म्हणणं. आणि त्या जिंकायच्या, यार, दर दोन आठवड्यांनी जिंकायच्या. काका इतके चिडायचे की पुढचा चहा स्वतःच करायचे आणि स्वतःच पिऊन टाकायचे.

असे दीड-दोन वर्षांचे रविवार गेले. निखिलच्या फोनवरून ते ॲप कधी गेलं ते मला कळलंही नाही. फोनच डब्यात, तर ॲप काय करणार.

मग काकूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. बरं व्हायची शक्यता किती, ते त्यांनी आकड्यात सांगितलं. काका घरी आले आणि अंगणातच मला म्हणाले, "मेधा, भाव फार वाईट आहे गं." आयुष्यभर आकडे वाचलेला माणूस, त्याला समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती. मुलगा सॅन होजेहून दोन आठवडे येऊन राहून गेला. त्याचीही नोकरी, मुलांच्या शाळा. केमोला काकाच घेऊन जायचे. काकूंना उलट्या व्हायच्या तेव्हा गुडघ्यावर बसून निळी बादली धरायचे. मी एकदा म्हटलं, "काका, द्या मी धरते." म्हणाले, "राहू दे. मला सवय आहे."

रविवार मात्र त्यांनी चुकवला नाही. पोहे आता मी न्यायचे. काकू शाल घेऊन रिक्लायनरवर, आणि लावायच्या त्याच पाच चिंचोके, मोजे बघून.

हिवाळा संपता संपता केमो पूर्ण झाली आणि स्कॅन झाला. इकडे हे एक विचित्र आहे. रिपोर्ट आधी फोनवर येऊन पडतो, डॉक्टरांशी बोलणं त्यानंतर. रिपोर्ट कधी येणार, आम्ही काकांना विचारत होतो. ते म्हणत होते, येईल.

त्या रविवारी आम्ही गेलो. फोन डब्यात टाकले, पोहे खाल्ले, सामना पाहिला. बाराही राउंड झाले, पंचांनी निकाल दिला, काकू जिंकल्या. सगळं नेहमीसारखं. निघताना मी डब्यातून फोन काढले आणि चुकून काकांचा हातात आला. कव्हर सारखंच होतं. बोट लागलं आणि स्क्रीन उजळली. तुमचा नवा रिपोर्ट आला आहे, असा मेसेज. शुक्रवारचा. न उघडलेला.

"काका, हा परवापासून..."

"ठाऊक आहे. ठेव परत डब्यात."

"अहो, पण बघायला नको का?"

"मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे. तोवर घंटा झालेली नाही."

मला राग आला. खरंच आला. म्हाताऱ्या माणसाचा पोरकटपणा, बायको समोर बसलीय आणि हा रिपोर्ट पोळ्यांच्या डब्यात लपवतो. मी काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात काका उठले. त्यांनी बरणी आणली आणि काकूंसमोरच्या टीपॉयवर पालथी केली. सगळे चिंचोके, अर्धे कापलेलेसुद्धा.

"हे सगळे सुमनवर," काका म्हणाले.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. त्याला पहिल्याच दिवशी शिकवलेला पहिला नियम त्यालाही आठवला असणार. त्याने ढिगातले मूठभर चिंचोके घेतले आणि परत तिथेच ठेवले. "माझे पण काकूंवर." मीही ठेवले. माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

"आता तू लाव," काका काकूंना म्हणाले. "मोजे बघून लाव हवं तर. तुझेच आहेत."

काकू हसल्या. त्यांनी चिंचोक्यांत बोटं फिरवली, एक उचलला, अंगठ्याने पुसला. मग हळूच ढिगात ठेवला आणि हात शालीत घेतला.

"मी नाही लावत."

"अगं, एक तरी लाव."

"नको हो."

दोन वर्षांत काकूंनी एकही पैज सोडली नव्हती. निखिलला एका मिनिटात पकडणारे काका. त्यांना यापुढे काही सांगावं लागलं नाही. ते तसेच उभे राहिले, रिकामी बरणी हातात धरून.

"कधी पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी. माझ्या आयपॅडवर पण आला होता. तुम्ही मागे पानं गोळा करत होतात." काकू थांबल्या. "म्हटलं, तुम्हाला हा एक रविवार तरी मिळू दे. शिवाय ज्याला निकाल माहितीये त्याने गप्प बसायचं, हा तुमचाच नियम."

काकांनी बरणी खाली ठेवली. रिक्लायनरपाशी जमिनीवर बसले. काकूंच्या डाव्या पायाचा मोजा घोट्यापर्यंत घसरला होता, तो त्यांनी नीट वर ओढला. मग उजवाही ओढला, तो घसरलेला नव्हता तरी. आम्ही दोघं आमचे फोन घेऊन बाहेर पडलो. रस्ता ओलांडेपर्यंत निखिल रडत होता आणि मी त्याचा हात धरला होता.

वसंतात दारातलं डॉगवूडचं झाड फुललं तेव्हा काकू गेल्या. घरीच, काकांच्या समोर. मुलगा पोहोचला होता. महिनाभर राहिला आणि चला म्हणाला. काका नाही गेले.

रविवारी आम्ही अजून जातो. सामना अजून रेकॉर्ड होतो, पोहे मी नेते. पण आता आम्ही बेल वाजवली की काका दार अर्धवट उघडून आधी विचारतात, "कोण जिंकलं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा निखिल चाचरत म्हणाला, "काका, खरंच सांगू?" म्हणाले, "सांग, मग आत ये." आता तो आदल्या रात्रीच बघून ठेवतो आणि दारातच सांगून टाकतो. कानटोपी खुंटीवर आहे. पोळ्यांच्या डब्यात पोळ्या असतात, दोन. बरणी भरलेली आहे, पण निकाल सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे कोणालाच लावता येत नाही.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सगळं आधीच कळल्यावर बघण्यात काय मजा?"

काकांची नजर टीव्हीवरच होती. राउंड संपला होता, हरणारा बॉक्सर स्टुलावर टेकला होता आणि त्याच्यापुढे कोणीतरी बादली धरली होती.

"हरणार हे ठाऊक असलं ना मेधा," ते म्हणाले, "की मग माणूस किती छान लढला ते नीट बघता येतं. तिच्या वेळी मी नुसता घंटेकडे कान लावून बसलो होतो गं."