कैलास बैलाच्या सोमवारच्या रक्षणाची कैफियत

॥ श्रीसांब सहाय ॥

शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सर, श्रावण शुद्ध तृतीया, वार सोमवार, इंग्रजी हिशेबे पंधरा आगस्ट, ते दिवशी मौजे ताडकळस येथे राजश्री बसवंतराव अप्पा पेंडवाले यांच्या दुकानामागील कोठीत जो रणसंग्राम जाहला, त्यात कागदावरील एका बैलाचा जीव कैसा धोक्यात आला आणि कोणी कैसा राखिला, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणून ही कैफियत लिहिली असे. या बैलाची शिंगे पेन्सिलीने काढलेली होती, सबब प्रकरण किरकोळ, असे कोणी शहाणा म्हणेल. त्याने आधी शेवटपर्यंत वाचावे आणि मग तोंड उघडावे.

अप्पांचे भाचे चिरंजीव भीमाशंकर हे हैदराबादेस इंजिनेरी विद्या शिकत असता त्यांस कावीळ जाहली, आणि वैद्याने तेल-तूप वर्ज्य सांगितले, आणि मग आईने विश्रांतीस म्हणून त्यांस मामाकडे धाडिले, आणि मामांचे दुकान तर सरकीच्या पेंडीचे, जेथे हवेसदेखील तेलाचा वास. चिरंजीवांनी येताना जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक खोके आणिले होते, त्यात एक जाड विलायती ग्रंथ आणि फासे, चौमुखीपासून वीसमुखीपर्यंत. या डावाची रीत ऐसी, की पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने काझी व्हावे आणि डोंगर, दऱ्या, शत्रू यांचे वर्णन तोंडाने करावे, आणि बाकीच्यांनी कोणी सरदार, कोणी जादूगार ऐसे सोंग मनात घेऊन 'मी अमुक करतो' म्हणून सांगावे, आणि ते साधले की फसले याचा निवाडा फाशाने व्हावा. ज्याचे त्याचे प्राण कागदावर आकड्यांत मांडलेले. घाव बसला की खोडरबराने कमी करावे, शून्य जाहले की तो मेला. आणि एक कलम सर्वांत कडक: जे एकदा तोंडातून गेले ते केले, मागे घेणे नाही, काझी ते वहीत लिहून ठेवणार.

काझीपद भीमाशंकरांस मिळाले, कारण ग्रंथ त्यांनाच वाचता येत होता. सरदारी राजश्री व्यंकटरावांनी घेतली. साठ एकरांचे धनी, राजदूत मोटारसायकलीवरील स्वार, आणि ज्यांच्या मिशांस गावातला न्हावी देखील विचारल्याखेरीज हात लावीत नसे, ऐसे हे गृहस्थ. त्यांच्या सरदाराचे प्राण एक्केचाळीस. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातील मलमपट्टीवाले बन्सीधर हे जादूगार जाहले. आणि अप्पा वनसाधू जाहले, ते एकाच कारणाने, की साधूस सोबतीला एक जनावर मिळते, ऐसे ग्रंथात लिहिले होते.

ग्रंथातील यादीत लांडगा होता, अस्वल होते, ससाणा होता. अप्पांनी सर्व नावे ऐकिली आणि पुसिले, यात बैल कोठे आहे? काझींनी पाने उलटली आणि बैल नाही ऐसे कळविले. अप्पांनी हुकूम केला, "मंग लिव्हून घे." तेणेप्रमाणे बैल दाखल जाहला, प्राण अकरा, नाव कैलास.

नाव ऐकताच आत जात्याशी बसलेल्या गंगम्मा मामींचा हात थांबला. याचे कारण सांगणे प्राप्त आहे. अप्पांच्या छकड्यास कैलास नावाचा खराखुरा बैल होता. लिंगायतांच्या घरी सोमवारी बैलास जुंपीत नाहीत, तो दिवस त्याच्या विसाव्याचा. मागील साली आषाढातल्या ऐशाच एका सोमवारी अप्पा माल आणावयास यष्टीने परभणीस गेले, आणि कैलास दुकानामागे लिंबाखाली दाव्यास बांधून निवांत होता, आणि तेथे नाग निघाला. अप्पा परतले तेव्हा सांज जाहली होती आणि सारे उरकले होते. तेव्हापासून गोठा रिकामा, छकडा उभा. मामींनी कितीदा म्हटले की बाजारात एखादा गोऱ्हा बघा, आणि अप्पा दर वेळी 'बघू' म्हणून पेंडीची पोती मोजू लागत. साफ लिहावयाचे तर अप्पा भीत होते.

असो. मोहीम ठरली ती डोंगरातील गुहेत राहणाऱ्या, पंख असलेल्या आणि तोंडातून आग ओकणाऱ्या एका घोरपडीवर. विलायतेत तिला दुसरे नाव असेल. चार आदितवार कूच चालले. पहिल्याच खिंडीत हिरव्या बुटक्यांनी बाण सोडिले आणि एक बैलाच्या पुठ्ठ्यात बसला आणि चार प्राण गेले. अप्पांनी फौज जागीच थांबविली आणि बैलास भिजविलेली सरकी चारिली, आणि ग्रंथात सरकीचे कलम नव्हते, म्हणून मामा-भाच्यांत घटकाभर वाद होऊन एका घमेल्यास एक प्राण ऐसा तह जाहला. मग बन्सीधरांनी बैलास फऱ्याची आणि घटसर्पाची लस टोचली. काझींनी कळविले की हे रोग या डावात नाहीत. बन्सीधरांनी कळविले की पावसाळा लागला की टोचावेच लागते, रोग असो वा नसो. पुढे झुलता पूल आला, त्यावर बैल पाय ठेवीना, तेव्हा सर्व फौज अकरा कोसांचा वळसा घालून गेली. व्यंकटरावांचा संताप शिगेस पोचला आणि ते गरजले, "घोरपड मारायला निघालोत का जनावराचा दवाखाना काढायलोत?"  अप्पांनी बैलाच्या शिंगांस पेन्सिलीने गोंडे काढिले.

वाटेत एक खंदक आणि एक कोसळलेले झाड लागून बैलाचे प्राण उतरत उतरत तीनवर आले. सरकी संपली होती. आणि समोर गुहा.

पाचव्या आदितवारी व्यंकटरावांस सासुरवाडीच्या कार्यास पाथरीस जाणे आले, म्हणून अखेरची लढाई दुसरे दिवशी ठरली. पंधरा आगस्टची सुट्टी होती, बन्सीधरांचा दवाखाना बंद, झेंडावंदन आटोपून मंडळी दुपारी कोठीत जमली, सर्वांस श्रावणी सोमवारचा उपास. व्यंकटरावांनी मसलत मांडिली, की गुहेच्या तोंडावर जो धोंडा आहे तो बैल जुंपून ओढावा, आणि मग बैलच पुढे घालावा, म्हणजे आत सापळे असले तर आधी कळतील.

अप्पांनी मान हलविली. आज सोमवार, बैल जुंपणे होणार नाही, ऐसे त्यांनी जाहीर केले.

व्यंकटराव उसळले. "अवो अप्पा, कागदी बैल हाय त्यो!"

"बैल कागदी हाय," अप्पा म्हणाले, "सोमवार कागदी न्हाई."

काझींनी ग्रंथ चाळिला, त्यात सोमवारविषयी अवाक्षर नव्हते. बन्सीधरांनी साक्ष दिली की अप्पांच्या आजोबांपासून ही रीत चालत आली आहे आणि ती मोडणे बरे नव्हे. मग काझींनी निवाडा दिला, की डावातही आज सोमवारच समजावा, बैल बाहेर बाभळीस बांधावा, पुढ्यात कडबा टाकावा. व्यंकटराव रुसले. मोठे लोक रुसतात तेव्हा जे बोलू नये ते बोलतात. त्यांनी फर्माविले, "बैलाला सुट्टी, मंग माझ्या सरदाराला बी सुट्टी. बसंल त्यो बी बैलापाशी बाभळीखाली, श्यांगा खात!" आणि स्वतः पोत्यास टेकून खरोखर शेंगा फोडू लागले. काझींनी ते वहीत लिहून घेतले.

मग साधू आणि जादूगार दोघांनी पहार लावून धोंडा सरकविला आणि आत शिरले. पाहतात तो सोन्याचा ढीग, रत्नांच्या राशी, आणि घोरपड कोठेच नाही. बन्सीधर आनंदाने मांडी थोपटू लागले आणि अप्पांनी धोतराच्या सोग्यात, मनातल्या मनात, मोहरा भरण्यास आरंभ केला. इतक्यात काझींनी पुस्तकाच्या आड फासा टाकिला आणि त्यांचे तोंड कावीळ जाहली तेव्हा नव्हते इतके पिवळे पडले.

"मामा," ते म्हणाले, "घोरपड वढ्याला पानी प्यायला गेलती. ती आता परत यायलीय. दारात बैल हाय."

अप्पांनी पुसिले, मी बाहेर पोचावयास किती चाली? चार, ऐसे उत्तर आले. तिला किती? एक. अप्पांनी सोने जागीच टाकिले, काठी टाकिली, कमंडलू टाकिला, आणि धावतो ऐसे सांगितले, तरी तीन चाली.  सोमवार, झाड, बांधलेला बैल आणि दूर असलेला धनी, हे चारी पुनः एका ठिकाणी आले होते, आणि हे तेथे बसलेल्या प्रत्येकास कळले. भगरीचे पातेले घेऊन आलेल्या मामी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मी तवा परभनीला व्हतो," अप्पा म्हणाले. कोणास उद्देशून म्हणाले नाहीत.

काझींनी बैलाच्या निवाड्याचा फासा उचलिला. भाचाच तो, त्याच्या मनात आले की पुस्तकाआड काय पडले हे कोणास दिसते, खोटे सांगावे आणि मोकळे व्हावे. मामांनी ते ओळखिले आणि हुकूम केला, की लबाडी नको, लबाडीने वाचलेला बैल मला नको, फासा उघड्यावर टाक. काझींनी वही उघडिली, आधीच्या चाली तपासिल्या, आणि त्यांचा आवाज एकदम चढला.

"मामा! बाभळीखाली सरदार हायेत की!"

सर्वांच्या नजरा व्यंकटरावांकडे वळल्या. त्यांची मूठ शेंगदाण्यांनी भरलेली होती.

"मी? मी तं सुट्टीवर हाय."

"दादा," मामी उंबऱ्यातून म्हणाल्या, "वहीत लिव्हलंय म्हनं."

सरदारास पळून जाण्यास पूर्ण मुभा होती. ग्रंथ तैसेच सांगत होता, आणि घोरपडीच्या आगीत एक्केचाळीस प्राणही पुरतील न पुरतील, हे व्यंकटराव जाणून होते. चार आदितवार याच बैलावर त्यांनी तोंडसुख घेतले होते. त्यांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा कागदावर हात ठेवून बसले होते, पोरक्या माणसासारखे. व्यंकटरावांनी शेंगदाणे खाली ठेविले, मिशीस पीळ भरिला, आणि बोलिले, "ढाल बैलावर धरली."

काझींनी पुसिले, "आन् तुमच्यावर?"

"एकच ढाल हाय न्हवं? इच्यारतो काय, लिव्ह!"

ढालीमुळे निवाडा बदलला. वीसमुखी फाशावर नऊ वा अधिक पडल्यास बैल वाचेल, कमी पडल्यास मरेल, आणि फासा धन्याने टाकावा. अप्पांनी फाशास विभूती लाविली, डोळे मिटले आणि टाकिला. तो गडगडत जाऊन पेंडीच्या पोत्याखाली शिरला. मग तालेवार व्यंकटराव, मलमपट्टीवाले बन्सीधर, इंजिनेरीचे काझी आणि खासे अप्पा चौघेही गुडघ्यांवर आले, आणि फासा हलू नये म्हणून ते पोते चौघांनी श्वास रोधून उचलिले, आणि बन्सीधरांनी ब्याटरी मारिली.

अकरा.

बैलाच्या केसासही झळ लागली नाही. सरदारावरील आगीचे फासे मोजता बेरीज चाळीस आली, एक प्राण शिल्लक राहिला, आणि मिशा दरोबस्त जळाल्या ऐसा निवाडा काझींनी दिला. तो ऐकून व्यंकटरावांचा हात आपोआप आपल्या ओठावर गेला. घोरपडीची त्या दिवसाची आग सरली, ती गुहेत शिरली, साधू आणि जादूगार भिंतीस चिकटून बाहेर निसटले, आणि ती सोन्यावर बसली ती बसलीच. एक मोहरही हातास लागली नाही.

अप्पांनी शेवटी एकच गोष्ट पुसिली, की हे सर्व होत असता कैलास काय करीत होता. ग्रंथात याचे उत्तर नव्हते. काझींनी थोडा विचार केला आणि सांगितले, "रवंथ करायलता, मामा." तेव्हा अप्पा हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले देखील नाहीत. मामींनी भगरीचे पहिले ताट व्यंकटरावांपुढे ठेविले आणि वर दही अंमळ जास्तच वाढिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. घोरपड जिवंत, खजिना जेथल्या तेथे, सरदार बिनमिशांचा, आणि बैल सुखरूप, प्राण तीन. फत्ते ती हीच, ऐसे काझींनी वहीत लिहिले आणि खाली चौघांनी सह्या केल्या.

पुढच्या बाजारी अप्पा मामींस न सांगता, बन्सीधरांस बरोबर घेऊन गुरांच्या बाजारात गेले, आणि एका पांढऱ्या गोऱ्ह्यापाशी थांबले. बन्सीधरांनी दात पाहिले, खूर पाहिले, पसंती दिली. अप्पांनी मात्र विकणाऱ्यास सवयीने पुसिले, "प्रान किती हायेत ह्याचे?"

विकणारा, पेडगावचा आश्रुबा नामे शेतकरी, डोक्यावरचा पटका सारखा करीत म्हणाला, "येकच की मालक. समद्यायला असतोय तेवढाच."

अप्पा बराच वेळ गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "मंग लय जपावं लागंल." आणि त्यांनी कासरा हातात घेतला.

गोठा पुनः नांदता जाहला. गोऱ्ह्याचे नाव मामींनी ठेविले. सोमवारी अप्पा आता परभणीस जात नाहीत. मिति भाद्रपद, मुक्काम ताडकळस. जे घडले ते लिहिले, पदरचे घातले नाही, सरकीच्या पोत्यांची साक्ष. शुभं भवतु.