दोनशे अडतीस भोकं

मामींच्या टोपलीतल्या कांद्यांना कोंब फुटले, यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच, की या वेळी मामी काही बोलल्या नाहीत. हिरवा कोंब आलेला एक कांदा त्यांनी मामांच्या ताटाशेजारी, चमचा ठेवावा तसा ठेवला आणि आपल्या जेवायला बसल्या. तीस वर्षांच्या संसारात मामा मामींच्या बोलण्याला कधी घाबरले नव्हते. न बोलण्याला मात्र घाबरत.

मामांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. दवाखान्याची कपाटं, कारखान्यांच्या स्विचपेट्या, काय वाटेल ते तिथे बने, आणि जे बने त्याचा कोपरा नव्वद अंशांत असे, एकोणनव्वदात नाही. खिशात पेनाऐवजी काटकोन तपासायचा गुण्या. कुणाकडे गेले तरी बसण्याआधी टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावून बघत आणि नुसतं ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’नंतर एका सुताराने धंदा बदलल्याची बोलवा होती. सगळी गल्ली त्यांना काटकोनमामा म्हणे. अशा माणसाच्या घरात हवेशीर कांदे-बटाट्याची पेटी नाही, हे मामी अकरा वर्षं ऐकवत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या कांद्याने काम केलं. पुढल्या रविवारी लग्नाला तीस वर्षं पुरी होत होती. मामांनी बाकीची कामं बाजूला सारली आणि ॲल्युमिनियमचा जाड पत्रा काढला. चार दिवस ते पेटीपाशी कुणालाही फिरकू देईनात. पाचव्या दिवशी दुपारी पेटी तयार झाली. चंदेरी, गुळगुळीत, कडा बोटाने वळवाव्यात तशा वळलेल्या, वर उचलायला दोन कान, आणि पुढच्या अंगाला चौदा ओळींत प्रत्येकी सतरा, अशी दोनशे अडतीस भोकं. मामांनी ती उजेडात ठेवली, मागे सरकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. एवढं चांगलं काम झालंय आणि बघायला कुणी नाही, हे त्यांना सोसेना. घरी दाखवायची सोय नव्हती. त्यांनी फोटो काढला आणि भाच्याला पाठवला.

हा भाचा, मामांच्या बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटरच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटवर नोकरीला होता. त्याचं काम काय, हे त्याच्या आईला लोकांना नीट सांगता येत नसे. “बाजारात जे यायचंय ते हा आधी सांगतो,” ती म्हणे, “आणि नाही आलं, तर का नाही आलं तेही हाच सांगतो.”

त्याच्या वाचकांत दोन गट होते. एक चंदेरीवाले. त्यांच्या कंपनीचा कॉम्प्युटर देखणा, चकचकीत आणि गच्च बंद. उघडायला गेलात तर गॅरंटी गेली. दुसरे काळेवाले. त्यांचं काळं खोकं कुणीही उघडावं, वाटेल तो भाग बसवावा आणि मग शनिवार-रविवार ते पुन्हा सुरू करण्यात घालवावा. दोन्ही गट एकमेकांना अडाणी समजत. चंदेरी कंपनीचा नवा डेस्कटॉप येणार येणार म्हणून वर्षभर हवा होती. पण कंपनीच्या भिंतींना कान असले तरी तोंड नव्हतं. भाच्याला तीन आठवड्यांत एकही अफवा मिळाली नव्हती. त्याच सकाळी संपादकबाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

“सोमवारपासून तू राशिभविष्य लिही,” त्या म्हणाल्या होत्या. “तिथे निदान रोज काहीतरी घडणार असतं.”

अशा अवस्थेत त्याच्या फोनवर तो फोटो आला. चंदेरी पेटी, शेजारी मामांच्या टेबलावरचा बिलाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड. दोनच महिन्यांपूर्वी मामा सांगत होते, की कुठल्याशा मोठ्या कंपनीची माणसं नमुन्याचं खोकं करून घ्यायला वर्कशॉपमध्ये येऊन गेली. ती फ्रिजवाली होती, आणि परत आलीच नाहीत, हे सांगायचं मामांकडून राहून गेलं होतं. भाच्याने लगेच फोन लावला.

“मामा, हे... मला ज्यांचं वाटतंय त्यांचंच ना?”

“मग आणखी कुणाचं असणार?” मामा खुशीत होते. “पण हे बघ, तिकडे कळता कामा नये. रविवारी एकदम पुढे आणायचं ठरवलंय.”

“रविवारी!” भाच्याने कागद ओढला. “कुणाला कळणार नाही, शब्द देतो. मामा, ही भोकं कशासाठी?”

“हवा खेळायला. रात्रंदिवस भरलेलं ठेव, गरम होणार नाही. पंखा नको, आवाज नाही.”

“आणि आत?”

“आत दोन कप्पे, एकदम स्वतंत्र. दोघांचं काम वेगळं आहे, एकमेकांना लागले की दोन्ही बिघडतात.”

भाच्याने लिहिलं : दुहेरी प्रोसेसर. “आणि क्षमता?”

“मी सोळाचं केलंय. आठचंही निघेल. मोठं घर असेल तर बत्तीसचं.”

आठ, सोळा, बत्तीस! कॉम्प्युटरच्या मेमरीचेच आकडे! शंकेला जागाच उरली नाही. भाच्याने फोन ठेवला आणि मामांना दिलेल्या शब्दाचं काय, असा प्रश्न त्याच्या मनात आला. तो प्रश्न तिथे सुमारे दहा मिनिटं थांबला. मग सोमवारचं राशिभविष्य आठवलं. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर सोळा किलोची पेटी मिळाली होती. पाच वाजता बातमी झळकली : ‘चंदेरीचा नवा डेस्कटॉप हाच! खात्रीलायक सूत्रांकडून पहिलं छायाचित्र.’

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो फोटो कुठे पोचला नाही, असं ठिकाण नव्हतं. चंदेरीवाल्यांनी आनंदोत्सव मांडला. काळेवाले म्हणाले, एवढ्या भोकांतून धूळ जाईल. चंदेरीवाले म्हणाले, धूळ तुमच्या डोक्यात आहे. एका जाणकाराने वरच्या दोन कानांवर मोठा लेख लिहिला. ते कान नसून अँटेना आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकबाईंनी भाच्याला खिडकीजवळची खुर्ची दिली. आणि भाच्याच्या आईने, अखेर मुलाचं काम लोकांना दाखवण्यासारखं निघालं म्हणून, ती बातमी अख्ख्या नात्यागोत्यात पाठवली.

मामांनी ती वर्कशॉपमध्ये उघडली. आधी त्यांना काही उमजेना. मग फोटो ओळखला आणि भाच्याला चांगला फैलावर घ्यायचं ठरवून ते पुढे वाचू लागले. पुढे लोकांचे अभिप्राय होते. एकाने लिहिलं होतं, ‘अशी घडण गेल्या वीस वर्षांत पाहिली नाही.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘कोपऱ्यांची वळणं बघून डोळ्यांत पाणी आलं.’ मामांच्याही आलं. आयुष्यभर त्यांनी कोपरे वळवले होते. आजवर त्यावर कुणी रडलं नव्हतं. लोक पेटीला कॉम्प्युटर समजतात ही गोष्ट त्यांना अगदी किरकोळ वाटू लागली. जगात वाचणारी माणसं आहेत आणि त्यांना काम कळतं, हे महत्त्वाचं.

हा आनंद दुपारी दोनपर्यंत टिकला. दोन वाजता काळेवाल्यांचा पुढारी बोलला. तो स्वतःचा व्हिडिओ चॅनेल चालवी, आणि जाड भिंगांमुळे दोन्ही गटांत चष्मेवाला म्हणून ओळखला जाई. त्याने फोटो पडदाभर मोठा करून पन्नास मिनिटं भाषण दिलं. “सातवी ओळ बघा. डावीकडून पाचवं भोक. ओळीच्या खाली आहे. चंदेरी कंपनीचं यंत्र असली चूक करणार नाही. हे कुणीतरी हातोडी घेऊन बसलेल्या माणसाचं काम आहे. फोटो खोटा!”

मामांनी फोन लावला. भाचा आधीच गर्भगळीत होता.

“मामा, माझं चुकलं. मी शब्द मोडला. तुमचं कंत्राट गेलं तर—”

“ते मरू दे!” मामा गरजले. “माझं भोक वाकडं म्हणणारा हा कोण टिकोजीराव? तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर?”

अर्ध्या तासात मामा पेटी छातीशी धरून लिफ्टमधून बाहेर आले. ऑफिसातले दोघं जण खुर्च्या सोडून उभे राहिले. संपादकबाई खोलीतून धावत आल्या, पेटी बघून जागीच थबकल्या आणि अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, “हात लावू?”

“लावा की.”

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. “काय फिनिश आहे! हे चालू कसं करायचं?”

“चालू कसलं?” मामा म्हणाले. “झाकण उघडायचं आणि टाकायचे.”

“काय टाकायचे?”

“या बाजूला कांदे, त्या बाजूला बटाटे. एकत्र ठेवले की दोन्ही सडतात.”

भाचा खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत गेला. बाईंनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात बाराच्या बारा राशी होत्या.

मामांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, खिशातून गुण्या आणि पोलादी पट्टी काढली. “या सगळे. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नंतर कुणी म्हणायला नको.” पहिली ओळ, दुसरी ओळ, पट्टी जिथे लावावी तिथे कशी चिकटून बसत होती. सातव्या ओळीवर मामा थांबले. पट्टी उचलली, पुसली, पुन्हा लावली. मग चष्मा पुसला. मग खाली बसून एक डोळा मिटून बघितलं. पाचवं भोक अर्धा मिलीमीटर खाली होतं.

मामांनी पट्टी खिशात घातली. आणि हळूच स्वतःच्याच पेटीला म्हणाले, “हं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मामी होत्या.

“नणंदबाईंनी फोटो पाठवलाय. कॉम्प्युटर आहे म्हणे.” मामींचा आवाज शांत होता. “त्याला माझ्या जुन्या कपाटाचे कान कसे काय?”

“रविवारी देणार होतो...” मामा पुटपुटले. “पण त्यात एक भोक चुकलंय. दुसरी करतो.”

“काही नको. सगळ्या जगाने बघितली, आता मला बघू दे. आजच आणा. कांदे जमिनीवर आहेत.” फोन ठेवता ठेवता मामी म्हणाल्या, “अँटेना म्हणे! मी चार जणींना सांगितलं, माझी पेटी आहे म्हणून.”

दुरुस्ती छापावीच लागली. भाच्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली : फोटो कॉम्प्युटरचा नसून कांदे-बटाट्याच्या पेटीचा आहे; मामा आणि वाचक, दोघांचीही माफी. मामांनी खाली एक वाक्य घालायला लावलं, ‘भोकाबाबत चष्मेवाल्यांचं म्हणणं अर्धा मिलीमीटर बरोबर आहे.’ ही दुरुस्ती मूळ बातमीच्या तिप्पट वाचली गेली. चंदेरीवाले आणि काळेवाले पहिल्यांदाच एकाच गोष्टीला हसले, आणि हसून झाल्यावर दोन्हीकडून विचारणा सुरू झाली, की पेटी मिळते कुठे. संपादकबाईंनी राशिभविष्याचा विषय पुन्हा काढला नाही.

चार दिवसांनी चष्मेवाला स्वतः वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, आणि भाचा शिक्षा म्हणून पत्र्याच्या कडा घासत होता.

“मी तुमच्या कामाला खोटं म्हटलं,” चष्मेवाला जमिनीकडे बघत म्हणाला.

मामांनी त्याला स्टुलावर बसवलं. “सोनारानेच कान टोचले, त्यात वाईट काय वाटायचं? फोटोवरून अर्धा मिलीमीटर! चाळीस वर्षांत अशी नजर माझ्याकडे कामाला आली नाही. तू त्या कॉम्प्युटरांत काय वाया चाललायस?”

चष्मेवाला लाजला. एवढी मोठी पदवी त्याला त्याच्या गटानेही दिली नव्हती. बोटं मोडत तो म्हणाला, “काका, माझ्या आईला एक पेटी हवीय. सोळाची. पण... काळ्या रंगात जमेल का? चंदेरी घेऊन मला घरात पाऊल टाकता येणार नाही.”

“रंग काळा देतो,” मामांनी त्याच्या हातात आखणीची सुई दिली. “पण ओळी तू आखायच्या.”

चष्मेवाल्याने बाह्या दुमडल्या, नाक पत्र्याला टेकेल इतका वाकला आणि पहिली रेघ ओढली. मामांनी गुण्या लावला, मान डोलावली आणि मामींकडे असं बघितलं, जणू ती रेघ त्यांच्याच पोटची होती. चंदेरी पेटीच्या वर्कशॉपात काळेवाल्यांचा पुढारी पेटी आखतोय, याहून मोठी बातमी ती कुठली! भाच्याने कानस बाजूला ठेवून गुपचूप फोन वर केला.

“खिशात ठेव तो!” मामा, मामी आणि चष्मेवाला एका सुरात ओरडले.