बुवांना ऐकू येऊ लागलं

मंगळवारी सकाळी साडेअकराला बुवांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसली आणि बारा वाजता घरात पहिलं भांडण झालं.

बुवा दवाखान्यातून आले, चपला काढून खुर्चीत बसले. आत त्यांची बायको कुकर घासत होती. बुवांची शिष्यमंडळी तिला काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू. बुवांना ऐकू येईनासं झालं त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात काकूंना एक सवय जडली होती. बुवांशी बोलायचं ते ओरडून, आणि बुवांबद्दल बोलायचं ते हळू आवाजात, तिथल्या तिथे, मन मोकळं करण्यापुरतं. त्या सवयीनं त्या म्हणाल्या, "आलं ध्यान. आता पंखा लाव, चहा टाक, चष्मा शोध."

"ध्यान कोणाला म्हणालीस?" बाहेरून प्रश्न आला.

काकूंचा हात थांबला. "ऐकू आलं तुम्हाला?"

"लख्ख. रोज असंच बोलतेस?"

"रोज नाही," काकू जरा आठवून म्हणाल्या, "पण बऱ्याचदा."

पण ही नुसती ठिणगी होती. खरा भडका संध्याकाळी उडायचा होता, कारण मंगळवार हा तालमीचा दिवस.

बुवांची तालीम एके काळी भयंकर म्हणून प्रसिद्ध होती. नवीन शिष्याला ते वर्ष-वर्ष सा सोडून पुढे जाऊ देत नसत. एक जण चौदा महिने सा लावून शेवटी चित्रकलेकडे वळला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं त्यांच्याकडे टिकली. पण सत्तरीच्या आसपास बुवा अचानक मऊ झाले. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी शिष्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे, आणि चेहरा पुरेसा व्याकूळ झाला की "वा" म्हणायचे. वय झालं की माणूस निवळतो, असं लोक कौतुकानं सांगू लागले. शिष्य वाढत वाढत चौदा झाले. त्यांत सर्वांत जास्त 'वा' मिळाले होते ते बँकवाल्यांना. ते एका बँकेत मोठे साहेब होते, आणि त्यांचा चेहरा सा लावायच्या आधीच व्याकूळ होत असे.

त्या संध्याकाळी तंबोरे जुळले. बुवा स्थिरस्थावर झाले. बँकवाल्यांनी डोळे मिटून सा लावला.

बुवांनी दचकून इकडेतिकडे पाहिलं. "खिडकी लावा. रस्त्यावर कोणीतरी कपाट ओढतंय."

खिडकी लावली गेली. बँकवाल्यांनी पुन्हा सा लावला.

"अजून ओढतंय," बुवा म्हणाले.

शेवटी शिष्यांमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. समोरच्या माणसाला वाईट बातमी सांगणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता. "बुवा, ते गातायत," त्या म्हणाल्या.

बुवा बँकवाल्यांकडे वळले. "हे तुम्ही कधीपासून करताय?"

"काय, बुवा?"

"आत्ता जे केलंत ते."

"सहा वर्षं."

"आणि मी त्यावर काय म्हणतो?"

"वा म्हणता."

बुवांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे मोर्चा वळवला. बाईंनी एक तान घेतली. "स्वतःच्या तोंडाला बधिर करायचं औषध टोचून आलात का?" बुवांनी विचारलं. मग एकेकाची पाळी आली. एकाला त्यांनी विचारलं की घरी कोणी आजारी आहे का. दुसऱ्याला म्हणाले, तुम्ही गाऊ नका, नुसते बसा. आणि पाच मिनिटांनी म्हणाले, बसूही नका. पाऊण तासानं चौदाच्या चौदा शिष्य जिन्यात उभे राहून एकमेकांच्या चपला घालत होते.

जिन्यातही वातावरण तापलेलंच होतं. सहा वर्षं वा ऐकलेल्या माणसाला एका संध्याकाळी कपाट म्हटलं तर तो चिडणारच. "दोष आपल्यात नाही," बँकवाले खालच्या पायरीवरून म्हणाले, "यंत्रच बेसूर आहे." हे सगळ्यांना एकदम पटलं. शिवाय प्रश्न एवढ्यावर संपत नव्हता. येत्या रविवारी बुवांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांचं गाणं ठेवलं होतं. हॉल घेतला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि बुवांच्या मागे बसून साथ करणार म्हणून चौदा जणांची नावं त्यांत छापलेली होती.

तेव्हा बुधवारी बँकवाले आणि डॉक्टरीणबाई बुवांना घेऊन यंत्रं बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेले. बुवांना सांगितलं, जरा सैल वाटतायत, घट्ट करून घेऊ. तंत्रज्ञाला बाजूला घेऊन खरं सांगितलं.

त्या माणसानं यंत्रं काढून तपासली, तारांना जोडली, संगणकावरच्या रेषा पाहिल्या. "उत्तम आहेत. बाहेर जसा आवाज असेल तसा आत पोचवतात."

"जसा असेल तसा म्हणजे?" बँकवाल्यांचा आवाज चढला.

"म्हणजे जसा असेल तसा."

"मी सहा वर्षं शिकतोय."

"मग असं करू. तुम्ही गा, मी त्यांना विचारत विचारत आवाज जुळवतो."

यंत्रं पुन्हा बुवांच्या कानांत गेली. बँकवाल्यांनी उभ्या उभ्या सा लावला. तंत्रज्ञानं एक कळ दाबली. "आता कसं वाटतंय?"

"कमी करा," बुवा म्हणाले.

"आता?"

"अजून कमी."

"आता?"

बुवांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "आता ठीक आहे," ते म्हणाले.

"आता बंद झालंय," तंत्रज्ञ म्हणाला.

बँकवाल्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ते राजीनामा देत आहेत. कशाचा, ते कोणी विचारलं नाही. बुवांनी मात्र यंत्रं पुन्हा चालू करून घेतली आणि तितक्याच रागात आपला निर्णय ऐकवला. रविवारी त्यांच्या मागे कोणीही बसणार नाही. ते एकटे गातील, म्हणजे गाणं म्हणजे काय असतं ते तरी लोकांना कळेल.

बुवांचा स्वतःचा रियाज पहाटेचा, आणि यंत्रं ते आंघोळीनंतर लावत. त्यामुळे आतापर्यंत यंत्र लावून त्यांनी सगळ्या जगाला ऐकलं होतं, फक्त स्वतःला ऐकलेलं नव्हतं. यंत्राशिवाय माणसाचा स्वतःचा आवाज त्याला डोक्याच्या आतून ऐकू येतो, आणि तो बहुधा गोड असतो. गुरुवारी रविवारची तयारी म्हणून बुवा दहा वाजता पुन्हा बसले. यंत्रं कानांत होती.

बाहेर काकू भाजी निवडत होत्या. आतून तंबोरा सुरू झाला. सा आला. रे आला. त्यानंतरचा ग, ज्याला बुवा भक्तिभावानं गंधार म्हणत, तो आला आणि मध्येच थांबला. तंबोरा पुन्हा जुळवला गेला. पुन्हा सा, रे, ग, आणि पुन्हा शांतता. चौथ्यांदा असं झाल्यावर बुवा बाहेर आले आणि त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला.

"तुमचं यंत्र खराब आहे."

"कालच तपासलं की, बुवा."

"रात्रीत बिघडलं असेल."

"काय होतंय नेमकं?"

"गंधार खाली उतरतोय."

"कोणाचा?"

बुवांनी फोन ठेवून दिला. मग काकूंकडे वळले. काकू भेंडीची देठं काढण्यात गढून गेल्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"माहीत असल्याशिवाय 'काय' म्हणून विचारत नाहीस तू."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "हो, माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. खालच्या मजल्यावरच्या शिलाई करणाऱ्या बाईंनाही माहीत आहे."

"आणि सहा वर्षं मला कोणी सांगितलं नाही? चौदा जणांतल्या एकानं?"

"ते सांगतील कसे? तुम्ही त्यांना वा म्हणायचात, ते तुम्हाला वा म्हणायचे. छान चाललं होतं सगळ्यांचं."

"पण तू? तू माझी बायको आहेस."

"म्हणून तर," काकूंचाही पारा चढला. "मला राहायचं आहे ह्या घरात. थोरलीनं सांगितलं होतं ना, तेव्हा तिचं काय केलंत? अठरा वर्षं शिकली तुमच्याकडे. सगळ्यांसमोर नम्रपणे म्हणाली, बुवा, गंधार जरा उतरतोय. हाकलून दिलंत. त्यानंतर कोणाची छाती होणार होती बोलायची?"

थोरली म्हणजे बुवांची पहिली शिष्या. तिला हाकलल्यापासून घरात तिचा विषय बंद होता. बुवा दारातल्या चपलांतल्या दोन पायांत घालून तडक जिना उतरले. तिची माफी मागायचं त्यांच्या मनातही नव्हतं. ते तिला झापायला निघाले होते.

थोरली एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत शिकवायची. आता पन्नाशीची झाली होती, केस पांढरे होऊ लागले होते. समोर चार शिष्या बसल्या होत्या. दारात बुवांना पाहून त्या गडबडीनं उठायला लागल्या. "बसा," थोरली म्हणाली. हे ती शिष्यांना म्हणाली. बुवांना नाही.

"तू गंधाराचं बोलली होतीस," बुवा दारातूनच म्हणाले.

"हो."

"मग एकदाच का बोललीस? अठरा वर्षं शिकवलं तुला. ठासून सांगायचं होतंस. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सांगायचं होतंस. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन निघून गेलीस, आणि मी सहा वर्षं लोकांसमोर उतरलेला गंधार गात बसलो."

"तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचे कान तपासून ये, मगच तोंड दाखव." थोरली उठली. तिनं कपाट उघडलं आणि वरच्याच कप्प्यातून एक कागद काढून बुवांच्या हातात दिला. "आले तपासून. हा रिपोर्ट. दोन्ही कान उत्तम आहेत."

बुवांनी चष्मा लावून तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. डॉक्टरची सहीसुद्धा निरखून पाहिली. "तारीख त्याच दिवसाची आहे."

"संध्याकाळीच गेले होते. राग आला होता मला."

"मग फोन करून सांगायचंस."

"केला होता. तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, आम्हाला गॅस नको आहे, आणि ठेवून दिलात."

बुवांनी कागदाची घडी घातली, ती चुकली म्हणून पुन्हा घातली. "मला तुझा फार राग आलाय," ते म्हणाले.

"मलाही तुमचा आलाय. सहा वर्षं रोज येतो." थोरलीनं एक चटई पुढे ओढली. "बसा. सा लावा."

"कोण, मी?"

"मग दुसरं कोण? बाकीच्यांचे लागतात."

चारही शिष्या आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागल्या. बुवा बसले. थोरलीनं तंबोरा छेडला. बुवांनी सा लावला आणि तो पुरता लागायच्या आत तिनं तारांवरचा हात काढून घेतला. शिष्य चुकला की हात काढायची ही रीत बुवांचीच होती. मात्र तो हात निघाला की समोरच्या माणसाला कसं वाटतं, हे त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी प्रथम कळलं.

बुवा घरी परतले ते दुपारी दोनला. बँकवाले पाऊण तास काकूंसमोर बसून होते. राजीनामा मागे घ्यायला आले होते. बुवांना पाहताच उठून म्हणाले, "बुवा, रविवारचं कसं करायचं?"

"रविवारी मी गाणार नाही."

"पण हॉल घेतलाय. पत्रिका गेल्यात."

"मग तुम्ही गा. चौदाही जण गा. मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो, आणि वाटलं तर मध्ये उठून बोलतो."

बँकवाले म्हणाले, कार्यक्रम रद्द झाल्याचं हॉलच्या माणसाला लगेच कळवतो. जाताना दार त्यांनी अगदी आवाज न करता लावलं.

बुवा येरझाऱ्या घालू लागले. काकूंनी पान वाढलं होतं, पण ते बसेनात. "दीड तास," ते म्हणाले. "दीड तास नुसता सा. माझ्याकडून. मी दम खायला थांबलो तर म्हणते, थांबायला सांगितलं नव्हतं. चार पोरींच्या देखत. मी असा उद्धटपणा माझ्या गुरूसमोर केला असता तर त्यांनी मला जिन्यावरून खाली लोटलं असतं."

"ती शिष्या आहे तुमची," काकू म्हणाल्या. "फार मनाला लागलं असेल तर पुन्हा जाऊ नका."

"न जाऊन कसं चालेल? उद्या सकाळी सातला बोलावलंय. पाच मिनिटं उशीर झाला तर दार उघडणार नाही म्हणते."

"मग जा."

"आणि वही आणायला सांगितलीय." बुवा काकूंसमोर येऊन उभे राहिले. "मला. चुका लिहून ठेवायला. उभ्या जन्मात मी एकाही शिष्याला माझ्यासमोर कागद काढू दिला नाही. पेन दिसलं तरी तालीम बंद करायचो. आणि ही मला सांगते, दोनशे पानी आणा, लहान पुरणार नाही."

बुवांनी आणखी दोन येरझाऱ्या घातल्या, खिडकीतून कोपऱ्यावरचं दुकान उघडं आहे का ते पाहिलं आणि पिशवी शोधू लागले.

"अहो, जेवून तरी जा."

"आलोच." दारातून ते मागे वळले. "अगं, रेघांची आणू की कोरी?"