फिक्स कुठं झालं?

नामदेवभाऊ फ्रिज उघडण्याआधीसुद्धा टकटक करतात. आत पाण्याच्या बाटल्याच आहेत, हे त्यांनाही कळतं. पण रामदासपेठेतल्या आमच्या एक्स-रे क्लिनिकच्या डार्करूममध्ये तीस वर्षं काढल्यावर हात ऐकत नाही. फिल्म उघडी असताना कोणी दार लोटलं की उजेड शिरतो आणि पेशंटची हाडं काळी होऊन जातात. मी तिथं काउंटरवर बसते. नवी होते तेव्हा एकदा त्यांचा चहा घेऊन अशीच घुसले होते. चहाही मीच प्यायले आणि बोलणीही मीच खाल्ली.

त्यांच्या बोटांना फिल्म धुवायच्या फिक्सरचा आंबूस वास कायमचा. पंगतीत शेजारचा माणूस लोणचं कुठं वाढलं म्हणून शोधत बसतो. भाचीचं लग्न फिक्स झालं म्हणून मी पेढे नेले, तर म्हणाले, "पोरगी पसंत पडली, म्हंजे नुसतं डेव्हलप झालं. फिक्स कुठं झालं?" डेव्हलपरमध्ये चित्र दिसतं, फिक्सरमध्ये ते टिकतं, हे ज्ञान पाजल्याशिवाय त्यांनी पेशंटलाही कधी सोडलं नाही. जीव नुसता विटून जायचा.

मग सगळं कम्प्युटरवर आलं. डार्करूम रिकामी करायची ठरली, टाक्या न्यायला कबाडी येणार होता. नामदेवभाऊंनी एक दिवस मागून घेतला, आणि फिक्सरचा शेवटचा कॅन. आता काय धुणार आहे हा माणूस? मी चिडूनच गेले. टकटक मात्र केली.

लाल दिव्याखाली त्यांनी काळ्या कागदातून एक फिल्म काढली. त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या छातीची, आठ वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या तेव्हाची. भाऊंनी मंगळसूत्र काढ म्हटलं तर वहिनी ऐकेनात. तुम्हीच फोटो काढून राहिले, मग काहून काढू, म्हणाल्या. डेव्हलपरमध्ये मंगळसूत्र उमटलं आणि फिल्म बाद झाली. दुसरी काढली, ती डॉक्टरांकडे गेली. त्याच साली वहिनीही गेल्या. बाद झालेली ही भाऊंनी नुसती पाण्यात धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवली होती.

आणि साऱ्या नागपूरला फिक्सरचे धडे देणारा हा माणूस! "भाऊ, मग फिक्स काहून नाही केली?" मी विचारलं.

"फिक्स केली की झालं ना वं ताई. मंग तिच्यात काही बदलत नाही."

आज मात्र इलाज नव्हता. डार्करूम गेली की कधी ना कधी उजेड लागून ही फिल्म काळी पडणार होती. त्यांनी ती फिक्सरमध्ये सोडली आणि आम्ही दोघं टाकीपाशी उभे राहिलो. फिल्मवरचा दुधाळपणा हळूहळू उतरला. बरगड्यांच्या मधोमध मंगळसूत्राच्या दोन वाट्या दिसू लागल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बाहेरून कबाड्यानं दार ढकललं. मी धावत जाऊन दार दाबून धरलं.

"उघडू द्या," नामदेवभाऊ म्हणाले. "आता उजेडानं तिले काही होत नाही."