निजरा पक्ष्याच्या बचावाची हकिकत

पूर्वी कोशकर्ते थोर थोर जाहले. सर्व जगाचे ज्ञान अक्षरवार कैद करावे म्हणून 'अ'पासून मोहीम मांडली, आणि 'क'पाशी केस गेले, मग 'ग'पाशी दृष्टी गेली, आणि 'च'पाशी बहुतेक खासे खर्ची पडले. त्याच परंपरेतील अण्णा 'न'पावेतो पोहोचले, हेच नवल.

या दौलतीचा रिवाज ऐसा जे, प्रत्येक खंडात एक नोंद साफ खोटी पेरावी. परक्या कोशाने ती उचलली की चोर मुद्देमालासह धरावा. सबब अण्णांनी निजरा नामे पक्षी रचिला: 'हा रात्री उंबऱ्यापाशी बसतो, बापाची पावले वाजताच झोपेचे सोंग घेतो, उचलून घरट्यात नेल्याविना हलत नाही.' हा पक्षी म्हणजे अण्णांची लेक, हे लेकीवाचून कोणास ठाऊक नव्हते. ती तेथेच मुद्रिते तपासण्याच्या चाकरीस होती.

मग अण्णा निवर्तले, आणि नवे संपादक मसनदीवर आले, आणि फर्मान सुटले जे, नव्या आवृत्तीतून निजरा हद्दपार व्हावा. लेकीने अर्ज गुजारला. हुजूर वदले, "अहो ताई, नसलेल्या पक्ष्यापायी एवढं काय?"

"राहू द्या की साहेब, दाणे थोडेच मागतोय?"

फर्मान मागे फिरेना. तेव्हा चित्रविभागातील मावशींची कुमक घेऊन लेक शत्रूच्या कोशावर चालून गेली, आणि दोघींनी 'न'चा मुलूख पान पान धुंडाळिला, आणि निजरा आत सापडला! शत्रूने हिवाळ्यात त्यास दक्षिणेस धाडिले होते, वर तीन निळी अंडीही घालावयास लाविली होती.

"अगं, अंडी मोजलीयेत मेल्यांनी!" मावशी गरजल्या.

संपादकांनी पान पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि हुकूम जाहला जे, निजरा हा चोरीचा साक्षीदार; त्याच्या पिसासही धक्का लागू नये.

लेकीने मुद्रिताच्या समासात लाल शाईने 'कायम' ऐसे लिहिले. इतक्यात जिन्यात पावले वाजली, आणि तिने मेजावर डोके टेकून डोळे मिटले. पावले पुढे निघून गेली. उचलावयास कोणी आले नाही, सबब घटकाभराने ती आपणच उठली, आणि पुढील पान तपासावयास घेतले.

येणेप्रमाणे निजरा जागेवर कायम राहिला, मोहीम फत्ते जाहली, हे वर्तमान खरे.