प्लेटला पाय लागेपर्यंत

लांजेवार सरांच्या हातावर पेढा ठेवला, तर ते तो खात नाहीत. रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि विचारतात, "काम पुरं झालं का गा?"

माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा मी हौसेनं पेढे घेऊन गेलो. सोमवारी रुजू होणार, म्हणालो. "मंग सोमवारी खातो," सर म्हणाले. लग्नात सगळे अक्षता उधळत असतात आणि हे मूठ मिटून उभे. गळ्यात हार पडले की सगळ्या एकदम टाकतात, त्याही पुढच्याच्या टकलावर. असा शेजारी असला की आनंदालाही ताटकळावं लागतं.

हे खूळ सॉफ्टबॉलचं. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर सर कॉलनीतल्या मुलींना शिकवू लागले. चेंडू कुंपणापार गेला की होमरन. मारणारीनं सगळे बेस शिवत यायचं. पण शेवटच्या होम प्लेटला तिचा पाय लागेपर्यंत संघातल्या कुणी तिला हात लावायचा नाही. लावला तर आधी ताकीद, पुन्हा लावला तर ती बाद.

खापरखेड्याच्या मुलींविरुद्ध फायनल होती. बरोबरी झालेली, आमच्या संघाला एकदा ताकीद मिळून चुकलेली. आमच्या रश्मीनं चेंडू कुंपणापार भिरकावला आणि सगळ्या पोरी तिच्याकडे सुटल्या. सर हात पसरून आडवे उभे राहिले. "हात मांगं घ्या वं! पाय प्लेटले लागू द्या तिचा." पोरी हात पाठीशी बांधून जागच्या जागी उड्या मारत राहिल्या. रश्मीचा पाय प्लेटला लागला, सर बाजूला झाले आणि पोरींचा नुसता ढीग झाला. आम्ही जिंकलो. सर मात्र बॅटी गोळा करत होते.

पुढे शोभाकाकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. सर रोज स्कूटरवर कोराडी-नागपूर करत होते. पार वाळून गेले. ऑपरेशन छान झालं म्हणून मी दवाखान्यात पेढा दिला. तो खिशात गेला. "तिले घरी येऊ दे गा," ते म्हणाले. खिशावरचा हात काही त्यांनी काढला नाही. तेव्हा मला कळलं, हा माणूस तऱ्हेवाईक नाही, घाबरलेला आहे.

काकू घरी आल्या तेव्हा फाटकापासून दारापर्यंत पोरी युनिफॉर्म घालून दोन रांगांत उभ्या होत्या. हात पाठीशी.

"काहून वं, कोणी बोलत काहून नाही?" काकूंनी विचारलं.

"आधी उंबरठा, काकू," रश्मी म्हणाली.

काकू हळूहळू चालत गेल्या आणि त्यांचा पाय घरात पडला. मग जो गलका झाला, तो पार मैदानापर्यंत गेला असेल.

सर पिशवी घेऊन बाहेरच उभे होते. काकूंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवर थाप मारली. "लय पळले तुम्ही," त्या म्हणाल्या.

सरांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी रुमाल उलगडला आणि त्यातला पेढ्याचा भुगा रडत रडत सगळा खाल्ला.