स्मृतिभ्रंश संशोधन केंद्राचा नारळ

लोकशाहीत मुद्द्यांचा साठा मर्यादित असतो, आणि तो जपून वापरला नाही तर संपतो. रस्ते, पाणी, वीज आणि एसटी हे मुद्दे नंदुरबार जिल्ह्यात सलग इतक्या निवडणुका वापरले गेले की ते पार झिजले. (रस्ते त्याआधीच झिजले होते.) म्हणून उमेदवार इंद्रसिंग यांचा प्रचारप्रमुख भाग्येश, जो पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता, त्याने या खेपेला अजून कोणीही हात न लावलेला मुद्दा शोधून काढला. तो मुद्दा म्हणजे अल्झायमर, अर्थात स्मृतिभ्रंश. सरकारने या रोगाच्या संशोधनासाठी दोनशे कोटी द्यावेत, केंद्र तापीकाठी व्हावे आणि ते आणण्याची धमक फक्त इंद्रसिंग यांच्यात आहे, असे जाहीरनाम्याच्या पहिल्याच पानावर छापण्यात आले.

मुद्दा निर्दोष होता. त्याचे गुण भाग्येशने कार्यकर्त्यांना समजावून सांगितले. या रोगाला जात नाही, त्यामुळे कोणाच्या भावना दुखावत नाहीत. संशोधनाला मुदत नसते, त्यामुळे ते रखडले असे कोणाला म्हणता येत नाही. पाणी आले की नाही हे शेतात उभे राहून दिसते. संशोधन झाले की नाही हे कुठे उभे राहून बघायचे, याबाबत शासनाचे स्पष्ट निर्देश नाहीत. आणि लाभार्थी पाच वर्षांनी जाब विचारायला येईल, ही भीती तर मुळातच नाही. कार्यकर्त्यांना तो रोग फार आवडला.

अडचण एकच होती, रुग्ण मिळेना. पक्षाने बाराशे घरांची पाहणी केली. चौऱ्याण्णव टक्के घरांनी सांगितले की म्हातारा जरा चळला आहे, पण आजारी कोणी नाही. उरलेल्या सहा टक्क्यांनी दार उघडले नाही. (त्यातल्या निम्म्या घरांत दार कसे उघडतात हे म्हातारा विसरला होता, असे नंतर कळले.)

टक्केवारीत न मावणारा अपवाद होता कळसाडी गावच्या मंगलाबाईंचा. आपले यजमान लोटन गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, यांना हा रोग आहे हे त्या सगळ्या गावाला सरळ सांगत. गुरुजी रोज सकाळी शाळा भरवायला म्हणून निघत आणि उसाच्या फडात शिरत. त्यांना वळवून घरी आणणाऱ्याला कारण माहीत असलेले बरे. दर महिन्याला बाई त्यांना आधी एसटीने नंदुरबारला आणि तिथून रेल्वेने सुरतच्या डॉक्टरकडे नेत. गाडीत गुरुजी प्रत्येक स्टेशनावर उतरायला उठत. मागच्या खेपेला नवापूर गेल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला हळूच विचारले, "बाई, तुम्ही कोन शेतस? लई चांगल्या शेतस." त्रेचाळीस वर्षांच्या संसारात गुरुजींनी केलेले हे पहिले कौतुक. बाई खिडकीकडे तोंड करून रडल्या, आणि मग डबा उघडून त्यांनी गुरुजींना भाकरीचा घास भरवला.

भाग्येश त्यांच्या घरी आला आणि त्याने ओट्यावर केंद्राचा नकाशा पसरला. त्यात प्रयोगशाळा होती, परदेशी उंदरांसाठी वातानुकूलित इमारत होती आणि पाहुण्यांसाठी बगीचा होता. मंगलाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊ, माले संशोधन नको," त्या म्हणाल्या. "तालुकाना दवाखानामा महिनामा एक दिन यास्ना डाक्टर बठाडा. माले आते सुरत झेपत नही."

भाग्येश जरा गडबडला. लहान मागणी ही राजकारणात धोक्याची असते, कारण ती पुरी झाली नाही तर लगेच दिसते. पण त्याने नियम पाहून ठेवले होते. तालुक्यात एक जरी नोंदणीकृत रुग्ण असला तरी महिन्यातून एकदा तज्ज्ञ डॉक्टर येऊ शकतो, नोंदणी वैद्यकीय मंडळ करते आणि मंडळाला तो स्वतः फोन करील, असे त्याने सांगितले. त्या बदल्यात गुरुजींनी सारंगखेड्याच्या सभेत रुग्ण म्हणून व्यासपीठावर फक्त बसायचे होते. आपला माणूस असा दाखवायला न्यायचा याची मंगलाबाईंना लाज वाटली. पण सुरतच्या गाडीची त्यांना त्याहून भीती वाटत होती, म्हणून त्या हो म्हणाल्या.

सभा यात्रेच्या मैदानावर झाली, जिथे एरवी घोडेबाजार भरतो आणि घोड्यांचे दात तपासतात. गुरुजींना कोट घालून, शाल देऊन माइकशेजारच्या खुर्चीत बसवण्यात आले. भाग्येश पुण्यात शिकलेला असल्याने त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. आजारी पडण्याआधी तीस वर्षे तालुक्यातल्या प्रत्येक भूमिपूजनाचे सूत्रसंचालन लोटन गुरुजींनीच केले होते.

माइक दिसताच गुरुजी उभे राहिले.

"सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या शेतकरी बंधुभगिनींनो," त्यांचा आवाज खणखणीत लागला. "ज्या क्षणाची आपण चातकासारखी वाट पाहत होतो, तो मंगल क्षण आज उगवला आहे."

हे सूत्रसंचालन एकतीस वर्षांपूर्वीच्या एका उपसा सिंचन योजनेच्या भूमिपूजनाचे होते. त्या योजनेचा कार्यक्रम झाला होता; योजना झाली नव्हती. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे, म्हणजे इंद्रसिंग यांचे दिवंगत वडील वीरसिंग, यांना गुरुजींनी आदराने निमंत्रित केले. इंद्रसिंग लगेच उठले आणि हात जोडून पुढे आले. वडिलांच्या नावावर उभे राहायची त्यांना सवय होती. गुरुजींनी नारळ मागितला आणि नारळ आला, कारण व्यासपीठावर नारळ असतोच. तो कशासाठी फोडायचा हे कोणी विचारत नाही. शेवटी गुरुजींनी घोषणा केली की येत्या अक्षय्यतृतीयेपर्यंत, म्हणजे अखाजीपर्यंत, प्रत्येकाच्या बांधावर पाणी येईल. आठ हजार लोकांनी चार मिनिटे टाळ्या वाजवल्या.

मंगलाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताठ मान, एक हात पाठीमागे, प्रत्येक पाहुण्याचे नाव तोंडपाठ, असा त्यांचा नवरा तीन वर्षांनी त्यांना परत दिसला होता. तेवढा वेळ त्यांना फार बरे वाटले. मग गुरुजी खाली उतरले आणि हे लग्न कोणाचे आहे, असे त्यांनी बाईंना विचारले.

इंद्रसिंग निवडून आले. भाग्येशने दिलेल्या शब्दाप्रमाणे फोन केला आणि वैद्यकीय मंडळ बसले. त्याचा अहवाल असा : "सदर इसमाने आठ हजार नागरिकांसमक्ष वीस मिनिटे विनाअडखळ भाषण केले असून उपस्थितांपैकी एकाचीही तक्रार प्राप्त नाही. सबब इसमाची स्मृती उत्तम आहे. अर्ज निकाली काढण्यात येत आहे." नोंदणीकृत रुग्णांची संख्या शून्य राहिल्यामुळे डॉक्टरची गरज उरली नाही. दोनशे कोटींच्या केंद्राचा प्रस्ताव मात्र पुढे गेला आहे. या जिल्ह्यात हा रोग का होत नाही, यावर तिथे संशोधन होईल.

मंगलाबाईंनी अपील केले. ते भाषण जुने होते, पाहुणा मेलेला होता, योजना झालीच नव्हती, हे त्यांनी नंदुरबारच्या कार्यालयात कारकुनाला सांगितले. कारकून सज्जन होता. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि दोन साक्षीदार आणायला सांगितले. साक्षीदार नात्यातले नकोत, सभेला हजर असलेले हवेत, आणि गुरुजी त्या दिवशी काय चुकीचे बोलले हे त्यांनी लिहून द्यावे. बाईंना हे सोपे वाटले. सारे गाव ट्रॅक्टर भरभरून सभेला गेले होते, आणि सभेला जेमतेम दीड महिना झाला होता.

त्या चौसष्ट घरे फिरल्या. सरलाबाईंना गुरुजींचा कोट आठवत होता. धीरजने भाषण मोबाइलवर घेतले होते, पण मोबाइल भरल्यामुळे पुसून टाकले. सभेत वाटलेली जिलेबी नरम होती, यावर सर्वांचे एकमत होते. काय बोलले ते आठवत नाही, पण गुरुजी लई भारी बोलले, असे प्रत्येक घराने सांगितले. शब्द न् शब्द आठवणारा एकच माणूस गावात होता, आणि तो गुरुजींच्या बांधाला लागून शेत असलेला शेजारी गिरधर. त्याने घोषणा ऐकून दुसऱ्याच दिवशी पाइपसाठी बांधापर्यंत चारी खोदली होती. मात्र गुरुजी चुकीचे बोलले, असे लिहून द्यायला तो तयार होईना.

"काकू, गुरुजी खोटं बोलत नहीत," तो म्हणाला. "अखाजीले पानी येनार शे."

मंगलाबाईंनी चारीकडे पाहिले आणि त्या घरी आल्या.

कारकुनाने आता आपल्या अधिकारात अट सैल केली आहे. साक्षीदार कळसाडीचा नसला तरी चालेल, आणि सभा कोणतीही चालेल. गेल्या निवडणुकीत ज्या सभेत आपण टाळ्या वाजवल्या, तिथे आपल्याला काय देऊ केले होते आणि ते त्याआधी किती वेळा देऊ केले होते, एवढेच दोन ओळींत लिहायचे आहे. तेवढ्यावरून निदान निरोगी माणसाला किती आठवते हे ठरेल, आणि गुरुजींचे प्रकरण पुन्हा उघडता येईल. पेन कार्यालयाचे मिळेल. मंगलाबाई बाहेरच्या बाकावर गुरुजींचा हात धरून बसल्या आहेत. त्यांची सुरतची गाडी थोड्या वेळात आहे, तेव्हा आपल्याला जे काही आठवत असेल ते जरा लवकर आठवा.